सरकी गल्लीची खिडकी

॥ श्री ॥
अमरावती, शके १७८६, कार्तिक वद्य ३

चि. सौ. रमा हीस हरिहरचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुमच्याकडची खुशाली ऐकण्यास कान आतुर आहेत. विशेष.

तुझ्या थोरल्या भावाला सरकारने पंच केले आहे. गावाच्या सुधारणेसाठी साहेबाने पाचजणांची कमिटी नेमली, त्यात वकील म्हणून मला घेतले. पहिल्याच बैठकीत साहेबाने प्रत्येकाला विचारले की, दहा वर्षांनी हे गाव कसे असावे. कोणी म्हणाले, रस्तोरस्ती कंदील हवेत. कोणी म्हणाले, कारंज्याची बाग हवी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, कापूस परकोटाबाहेर हवा, विहिरींत पाणी हवे आणि सरकी गल्लीची खिडकी उघडी हवी. साहेब हसला नाही, बाकीचे हसले.

तू इथून गेलीस तेव्हा कापसाचा एवढा जोर नव्हता, म्हणून सांगतो. अमेरिकेत लढाई सुरू झाल्यापासून विलायतेला आपलाच कापूस हवा आहे. दर्यापूर, भातकुली, चांदूरकडच्या गाड्या रात्रंदिवस आत येतात. वखारी भरल्या, आता ओट्यांवर नि गल्ल्यांतही गाठी रचतात. सरकी गल्लीत घरोघर बाया चरकीवर कापसातून सरकी वेगळी करतात. तिच्या टोकाला परकोटाच्या भिंतीत माणूस वाकून बाहेर जाईल एवढी खिडकी होती. तीन वर्षांपूर्वी खुशालराव देशमुखांनी तिथे वखार बांधली आणि वखारीची मागची भिंत त्या खिडकीवर आली. आता गल्लीला एकच तोंड, आणि तेही गाठींनी अर्धे बुजलेले. एक ठिणगी पडली तर काय होईल, हे मनात येते नि झोप उडते.

खुशालराव आमच्या कमिटीचे मुख्य आहेत. माणूस दिलदार आहे, दारी आलेल्याला उपाशी जाऊ देत नाही. म्हणून मला आशा वाटते.

कमलाकांतरावांस नमस्कार सांग. आठवण धरून असावे, हा आशीर्वाद.

हरिहर


॥ श्री ॥
अकोला, शके १७८६, मार्गशीर्ष शुद्ध ८

तीर्थस्वरूप दादांचे सेवेशी रमेचा शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादाने आम्ही सर्व बरी आहोत. विशेष.

दहा वर्षांनी गाव कसे असावे, हे साहेबाने तुम्हाला विचारले हे वाचून मला हसू आले. स्वयंपाकघरावरची गळकी कौले तुम्ही यंदा बदलू, पुढच्या साली बदलू करीत वहिनींना किती पावसाळे भांडी मांडायला लावलीत, ते साहेबाला कोणीतरी सांगायला हवे. पण पंच झालात ह्याचा आनंद फार झाला. बाबा असते तर देवापुढे साखर ठेवली असती.

इकडेही गावसुधारणेचीच धामधूम आहे. आगगाडीचा बांध मोर्णेच्या अंगाने पुढे सरकतो आहे. इकडची स्वारी मोठ्या साहेबांच्या कचेरीत असल्याने सकाळी निघणे होते ते दिवेलागणीला येणे होते. नवी पेठ कुठे, रस्ता किती रुंद, हे सगळे आखून ठेवले आहे म्हणे. सासूबाई म्हणतात, ही धुराची गाडी साऱ्या मुलुखाचे रोग घेऊन येईल. मला वाटते गाडीची वाट पाहायलाच नको. बांधावरच्या मजुरांच्या झोपड्या नदीच्या खालच्या अंगाला आहेत, वर गावाची सगळी घाण सुटते आणि ते तेच पाणी पितात. गेल्या आठवड्यात तिथून रोज कोणाचे ना कोणाचे प्रेत उचलून नेत होते. आखणीत त्या झोपड्या कुठे दाखवल्यात, असे मी विचारले. त्या दाखवायच्या नसतात, असे सांगणे झाले.

तुमची खिडकी मात्र उघडून घ्या. वहिनींना नमस्कार, आणि माझ्यावर माया आहे ती ढळू देऊ नये.

आपली,
रमा


॥ श्री ॥
अमरावती, शके १७८६, माघ शुद्ध ५

चि. सौ. रमा हीस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वहिनीला वाचून दाखवले. कौलांचा मजकूर तिने पुन्हा वाचायला लावला.

कापूस परकोटाबाहेर न्यावा हे माझे मागणे मी परत घेतले. व्यापारी विरोध करतील हे धरूनच होतो. पण परवा सकाळी सरकी गल्लीतल्या बायाच दारात येऊन बसल्या. त्यांची पुढारीण तानुबाई. उंच, वाळलेली, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. सोबत तिची विधवा सून जयवंता. तानुबाई मला म्हणाली की, वकीलबाबा, कापूस बाहेर गेला तं आमी खावाचं काय? घरी लेकरू झोयीत टाकतो नि चरकी फिरवतो. तिकडं उन्हात त्याले कोन पाहीन? मी तिला आगीचे सांगितले. ती म्हणाली, आगीचं भेव आमाले नाही काय, रोज रात्री उठून पाहून येतो, पण पोटाची आग तं रोजचीच हाय.

तिथेच मी ते मागणे सोडले. बैठकीत मी म्हटले, कापूस राहू द्या, पण मग खिडकी उघडा आणि गल्लीतली विहीर उपसून खोल करा. दोन्ही मंजूर झाले, साहेबाने मान्यताही दिली. बैठक उठल्यावर खुशालरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की, भाऊ, भिंत पाडाले काय लागते, पन आता वखारीत गाठी छतापर्यंत हायत, त्या ठेवू कुठी? हंगाम सरू द्या, मंग म्या सोता पहिला दगड काढतो.

त्यात खोट दिसली नाही. तरी मी तानुबाईला निरोप दिला की, खिडकी आज ना उद्या उघडेल, पण अजून उघडलेली नाही, हे ध्यानात असू दे.

तुझ्या घरी सर्वांना यथायोग्य. मायेत अंतर नसावे.

हरिहर


॥ श्री ॥
अकोला, शके १७८६, फाल्गुन शुद्ध ११

तीर्थस्वरूप दादांचे सेवेशी रमेचा नमस्कार. विशेष.

आज घाईत लिहिते, कारण आनंदाची गोष्ट आहे. काल इकडून येणे झाले ते हसतच. मोठे साहेब अमरावतीहून परतले आणि त्यांनी कचेरीत सर्वांदेखत सांगितले की, अमरावतीच्या कमिटीने बोलल्याप्रमाणे केले, परकोटाची बंद खिडकी उघडली, घोड्यावरून जाताना आपण स्वतः पाहिली, नवे दार फार सुंदर आहे. इकडून मग सर्वांना सांगणे झाले की, त्या कमिटीत आमचे मेहुणे आहेत. मी सासूबाईंच्या नकळत गूळखोबरे वाटले.

तुम्ही मात्र मला एका शब्दाने कळवले नाही. एवढा मोठा माणूस झाल्यावर असेच व्हायचे. वहिनींची प्रकृती कशी आहे ते लिहावे. ह्या बहिणीला विसरू नये.

आपली,
रमा


॥ श्री ॥
अमरावती, शके १७८६, फाल्गुन वद्य २

चि. सौ. रमा हीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी तसाच उठून परकोटाला बाहेरून वळसा घालून गेलो. खिडकी खरोखर उघडली आहे. सागवानी दार, पितळी कड्या, चौकटीला शेंदरी रंग. दार ढकलले तर हातभर आत वखारीची भिंत जशीच्या तशी. साहेब येणार म्हणून बाहेरचे तेवढे काम उरकले होते.

मी खुशालरावांकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, साहेबाले दार दिसलं, त्यायचं मन भरलं, आता आतलंबी होऊनच जाईन, तुमी काहून जीव जाळून राहिले? विहिरीचे विचारले, तर उपसणारी माणसे सध्या बाजाराच्या रस्त्यावर लावली आहेत. आमचे साहेब मेळघाटात दौऱ्यावर आहेत, ते आले की मी त्यांना हाताला धरून ते दार दाखवणार आहे.

गल्लीतल्या बाया आठवडाभर भिंतीपलीकडे हातोड्यांचे आवाज ऐकत होत्या. त्यांचा समज झाला आहे की वाट झाली. मी तानुबाईला त्या दारातून आत नेऊन भिंत दाखवली. ती भिंतीला हात लावून उभी राहिली आणि सगळ्यायले सांगतो म्हणाली.

हे कमलाकांतरावांस सांग, पण कचेरीत बोलू देऊ नकोस. लोभ राहू द्यावा.

हरिहर


॥ श्री ॥
अकोला, शके १७८७, चैत्र वद्य ९

तीर्थस्वरूप दादांस रमेचा नमस्कार. अमरावतीहून आलेले गाडीवान काल मोर्णेकाठी सांगत होते की तिथे मोठी आग लागली. तुमचे घर कोणत्या अंगाला ते त्यांना ठाऊक नव्हते. एक ओळ लिहा. लिहिणे जमत नसेल तर कोणाकडूनही कळवा. इथे कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

रमा


॥ श्री ॥
अमरावती, शके १७८७, चैत्र वद्य १२

चि. सौ. रमा हीस आशीर्वाद. आम्ही दोघे जिवंत आहोत, घरालाही काही झाले नाही.

सरकी गल्ली जळाली. साहेब दौऱ्यावरून अजून परतले नव्हते, ते दार त्यांना दाखवायचे राहूनच गेले. भर दुपारी, वारा सुटलेला असताना गल्लीच्या तोंडाशी रचलेल्या गाठींनी पेट घेतला. कशाने, ते कोणी सांगू शकत नाही. मी कचेरीतून धावत आलो तेव्हा तोंडाकडून आत जाणे शक्य नव्हते. पखाली पाठीवर घेऊन भिस्ती उभे होते, पण पखालींत भरायला पाणी नव्हते. विहिरीच्या तळाशी चिखल होता.

आम्ही काहीजण बाहेरून खिडकीकडे धावलो. दार उघडले आणि भिंतीला पहारी लावल्या. भिंत चांगली बांधलेली होती. पलीकडून वखारीत शिरलेल्या बायांचे आवाज येत होते. खुशालराव आले, त्यांनी पागोटे फेकून दिले आणि माझ्या हातची पहार ओढून घेतली. वखारीतल्या गाठी अजून पेटल्या नव्हत्या, पण धूर भरला होता. त्यांच्या हातांतून रक्त येत होते आणि ते पाडा, पाडा एवढेच म्हणत होते. पहिला दगड निघेपर्यंत आवाज येत होते. भगदाड पडेपर्यंत थांबले.

पुढचे तुला लिहीत नाही. तानुबाई गेली. जयवंता कौलांवरून पलीकडच्या गल्लीत उतरली म्हणून वाचली. तिचे दोन्ही हात भाजले आहेत आणि तिला आता कोणी नाही. माहेर अकोल्याकडे कुठेसे होते, तेही उरले नाही. तुझ्या वहिनीने आठवडाभर तिला ठेवून घेतले, पण गावात कमिटीची माणसे तिच्याभोवती फिरू लागली आहेत. ती काय बोलेल ह्याची त्यांना धास्ती आहे. म्हणून तिला विश्वासू गाडीवानाबरोबर तुझ्याकडे पाठवतो आहे. सासूबाईंना काय सांगायचे ते तू जाण.

हरिहर


॥ श्री ॥
अकोला, शके १७८७, वैशाख शुद्ध १०

तीर्थस्वरूप दादांचे सेवेशी रमेचा शिरसाष्टांग नमस्कार.

जयवंता सुखरूप पोचली. सासूबाईंनी तिला घरात घेतले नाही. गोठ्यालगतच्या पडवीत घोंगडे टाकून दिले आहे. मी ते निमूट मान्य केले, हे तुम्हाला कळावे म्हणून लिहिते. हातांना लोणी लावून केळीच्या पानाने बांधते. तिला पाणीही मला पाजावे लागते.

आता दुसरे. मोठ्या साहेबांनी चौकशी मांडली आहे आणि तुमची जबानी होणार, हे इकडे कळले. खुशालरावांचा माणूस येऊन गेला. त्याचे म्हणणे असे की, तुम्ही इतकेच सांगावे की खिडकीचे दार उघडे होते. त्यात खोटे काही नाही. आग तानुबाईच्या चुलीने लागली असे ठरते आहे. मोठ्या साहेबांनीच खिडकी पाहून वर लिहिले असल्याने, ती बंद होती असे निघाले तर त्यांची शोभा होईल, आणि त्याचा राग प्रथम कचेरीतल्या तुमच्या मेहुण्यावर निघेल. इकडून रात्रभर झोप झाली नाही. पहाटे मला सांगणे झाले की, दादांना लिही, मेलेल्या बाईला आता काय फरक पडणार आहे.

मी तसे लिहायलाच बसले होते. मग जयवंतेचे हात बांधायला गेले आणि तिला विचारले. ती म्हणाली की, चूल कशाची, त्या दिवशी गल्लीत पाणीच नव्हतं, सकाळपासून आमी बारवेवर रांगेत होतो, दुपारी घरी आलो, कोनाच्याच घरी चूल पेटली नाही. आग लागली तशा बाया खिडकीकडं धावल्या. मामीनं भिंत पाहिली होती. ते ओरडत होती का तिकडं जाऊ नका, वाट नाही, पन कोनी आयकेना. मले तिनं कौलावर ढकललं नि त्यायले वापस आनाले त्यायच्या मांगं गेली.

सासूला ती मामी म्हणते. तिला कौलावर चढता येत होते, दादा. ती माघारी गेली.

मी इकडे सर्व सांगितले. मग पान लावून मागणे झाले आणि म्हणणे झाले की, तुला लिहायचे ते लिही. म्हणून लिहिते. भिंत होती असे सांगा. आमचे काय व्हायचे ते होईल.

कृपा असू द्यावी.

रमा


॥ श्री ॥
अमरावती, शके १७८७, ज्येष्ठ वद्य ४

चि. सौ. रमा हीस अनेक आशीर्वाद.

जबानी झाली. मोठ्या साहेबांनी विचारले, खिडकी उघडी होती काय. मी म्हणालो, दार उघडे होते, वाट बंद होती. मग दगडाची जाडी, पहारींचे काम, पलीकडचे आवाज, सगळे सांगितले. चूल पेटली नव्हती हेही सांगितले आणि बारवेवर रांगेत असलेल्या दोघी बायांना उभे केले. खुशालराव समोर बसले होते. त्यांना विचारले तेव्हा ते खाली पाहून म्हणाले की, वकील सांगतेत ते बरोबर हाय. त्यांच्याकडून मी हे धरले नव्हते.

तानुबाईवरचा आळ निघाला, एवढे पदरात पडले. आग अज्ञात कारणाने लागली आणि भिंतीबाबत खुशालरावांना समज दिली, असा निकाल आहे. खुशालराव आपण होऊन कमिटीतून निघाले. मला काढले. नव्या कमिटीत वकिलाची गरज नाही असे कळवले आहे.

नव्या कमिटीचा पहिला ठराव असा की, गल्लीची राख उचलून तिथून परकोट फोडून बाजाराकडे सरळ रुंद रस्ता न्यावा आणि कापूस बाहेरच्या मैदानात उतरवावा. वाचलेल्या बायांना परकोटाबाहेर माळावर जागा दिली आहे. तिथे पाणी नाही. मी त्यांच्या वतीने विहिरीसाठी अर्ज केला आहे.

कमलाकांतरावांचे काय झाले ते ताबडतोब लिही. मन थाऱ्यावर नाही.

हरिहर


॥ श्री ॥
अकोला, शके १७८७, श्रावण शुद्ध ६

तीर्थस्वरूप दादांस रमेचा नमस्कार.

इकडची बदली मेळघाटात झाली. भर पावसाळ्यात जाणे झाले आणि तीन आठवड्यांत हिवतापाने अंग पिवळे होऊन, डोलीतून परत येणे झाले. आता ताप उतरला आहे, पण उठून बसले की धाप लागते. वैद्य म्हणतात, प्लीहा वाढली आहे, जपावे लागेल. बरे वाटताच पुन्हा तिथेच हजर व्हायचा हुकूम आहे. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

पुन्हा वेळ आली तर मी तेच लिहीन. पण त्या दिवशी लिहिले तसे एका दमात लिहिता येणार नाही.

इकडून तुम्हाला निरोप आहे की, मनाला लावून घेऊ नये. काल तापातच विचारणे झाले की अमरावतीची विहीर लागली का.

जयवंतेचे हात भरून आले. बोटे पूर्ण मिटत नाहीत, चरकी आता व्हायची नाही. ती गोठ्याचे काम करते आणि इकडची डोली आली त्या दिवसापासून रात्री उंबऱ्याबाहेर बसून राहते. दिवाळीनंतर परत जातो म्हणते, आपल्या बायांत. मी अडवणार नाही. तिला नीट उतरवून घ्यावे.

रमा


॥ श्री ॥
अमरावती, शके १७८७, मार्गशीर्ष शुद्ध २

चि. सौ. रमा हीस आणि चि. कमलाकांतरावांस अनेक आशीर्वाद. पुन्हा मेळघाटात जाणे टळले हे वाचून वहिनीने आज पुरण घातले.

जयवंता काल आली. गाडीतळावर मी तिला घ्यायला गेलो होतो. माळावर बायांकडे सोडतो म्हणालो, तर तिने सांगितले की आधी घर पाहायचे आहे. मी म्हणालो की घर उरलेले नाही. मले मालूम हाय म्हणाली, आणि चालू लागली.

रस्ता फार चांगला झाला आहे. दोन्ही बाजूंना गटारे, मध्ये मुरूम, सकाळसंध्याकाळ पाणी शिंपतात. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, तरी गाड्या अजून येतातच. माळावरच्या विहिरीला वीस हात खाली काळा दगड लागला आहे, पाणी नाही. बाया अजून बारवेवरूनच घडे नेतात.

जयवंता रस्त्याच्या कडेने दोनदा गेली नि आली. तिला आपले घर सापडेना. तिने मला विचारले. मी ती गल्ली कमिटीसाठी दोरीने मोजली होती, पण मलाही सांगता येईना. सगळे एकसारखे सपाट आहे. मग ती परकोटाच्या एका दगडाकडे बराच वेळ पाहत राहिली, तिथून मागे मागे चालत आली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. इथं चूल होती, म्हणाली. आणि तिथेच खाली बसली.

समोरून गाड्या येत होत्या. पहिल्या गाडीवानाने बाजूला व्हायला सांगितले, ती हलली नाही. मागच्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. मी पागोटे सावरून रस्त्यात गेलो आणि पहिल्या जोडीची वेसण धरून उभा राहिलो. कोणीतरी कमिटीच्या शिपायाला बोलावून आणले. त्याने मला ओळखले आणि तो मागच्या गाड्या थांबवायला गेला. परकोटापासून बाहेर मैदानापर्यंत रांग लागली होती. बैल घंटा वाजवीत उभे होते.

ती रडली नाही. मुरमावरून हात फिरवीत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. ती उठेपर्यंत मी वेसण सोडली नाही.

मग तिला माळावर पोचवले. तुझ्यासाठी तिचा निरोप आहे की हात बरे आहेत. प्रकृतीला जपावे, आणि आमच्यावरचा जिव्हाळा आहे तसाच ठेवावा.

हरिहर